मंडईची रात्र आणि घरचें शिवण

दिवाळी सरली, भाऊबीज झाली, कीं भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या जिल्ह्यांतील गांवोगांवीं मंडई भरूं लागते. या प्रदेशाला झाडीपट्टी म्हणतात. आणि नांवाप्रमाणेंच तो झाडांचा, तळ्यांचा व भाताच्या बांध्यांचा मुलूख आहे. नागझिऱ्याचें अरण्य याच मुलखांत पसरलेलें आहे. १९७० सालीं अभयारण्य म्हणून राखून ठेवलेला हा सुमारे १५३ चौरस किलोमीटरांचा टापू २०१३ सालीं नवेगांव-नागझिरा व्याघ्रप्रकल्पांत सामील झाला. अरण्याच्या कडेला पिटेझरी, चोरखमारा, मंगेझरी यांसारखीं खेडीं आहेत, आणि थोडें पुढें गेलें कीं साकोली, तिरोडा, गोरेगांव हीं मोठीं गांवें लागतात. भात कापून होत आलेला असतो, हवेंत गारवा शिरलेला असतो, आणि घराघरांत एकच चौकशी चालूं असते: आपल्या गांवची मंडई कोणत्या दिवशीं, आणि रात्रीं नाटक कोणतें?

मंडईचा दिवस प्रत्येक गांवाचा निराळा. दिवसां दुकानें, पाळणे आणि दंडारीचा खेळ, रात्रीं नाटक. गडचिरोली जिल्ह्यांतील वडसा हें या नाटकमंडळ्यांचें माहेरघर. तेथून त्या दिवाळीनंतर बाहेर पडतात आणि होळीच्या सुमारापर्यंत गांवोगांव फिरतात. प्रयोगाला रात्रीं उशिरां आरंभ होतो आणि तो पहांटेपर्यंत चालतो. पूर्वीं रात्रीच्या वेळीं रानवाटेनें परतणें धोक्याचें होतें, तेव्हां प्रेक्षकांना उजाडेपर्यंत धरून ठेवणारें नाटकच सोयीचें, असें या लांबलचक प्रयोगांचें कारण सांगतात. नागझिऱ्याच्या कडेला तें कोणालाही पटेल. या रंगभूमीवरील ज्येष्ठ नट परशुराम खुणे यांना २०२३ सालीं पद्मश्री मिळाली, त्यानिमित्तानें शहरांतील कांहीं घरांत तरी या नाटकांचें नांव पोंचलें असेल.

मंडईला सासरच्या मुली माहेरीं येतात, जांवई येतात, दूरचे आप्त जेवावयास बसतात, आणि सोयरिकीच्या गोष्टी पुष्कळदां येथेंच निघतात. त्यामुळें त्या रात्रीं अंगावर काय असावें, हा प्रश्न केवळ हौसेचा राहत नाहीं. आतां अडचण पाहा. भाऊबीजेला भाऊ ओवाळणींत साडी घालतो. तिच्या शेवटीं पोलक्याचें कापड विणलेलें असतें, वारभर किंवा त्याहूनही कमी. मंडई चारसहा दिवसांवर आलेली. गांवच्या शिंप्याकडे त्याच आठवड्यांत साऱ्या गांवाचीं कापडें येऊन पडतात, आणि तो बिचारा प्रत्येकाला एकच सांगतो, 'मंडईच्या दिवशीं सकाळीं घेऊन जा.' त्या सकाळीं पोलकें आखूड निघालें किंवा मुंढ्यांत आवळलें, तर उपाय नाहीं. कारण तसें दुसरें कापड जगांत कोठेंच विणलेलें नाहीं. म्हणून ज्या घरांत शिवणयंत्र आहे आणि ज्या मुलीच्या हाताला शिवणाची थोडीबहुत संवय आहे, ती तें कापड स्वतःच पुढ्यांत घेऊन बसते. तिनें कात्री उचलण्यापूर्वीं काय पाहावें आणि उचलल्यावर काय करावें, याचा येथें विचार करावयाचा आहे. पुण्या-नागपुरांतील घरांतही गाण्याची बैठक, लग्नाची संध्याकाळ, वर्षाकांठीं एखादें नाटक असे प्रसंग येतातच. तेथेंही यांतलें बरेंचसें उपयोगीं पडेल.

स्वतःचें वस्त्र स्वतः शिवणें ही गोष्ट शहरांत आज नवलाची वाटते, परंतु महाराष्ट्रांत ती जुनी आहे. संत नामदेव शिंप्याच्या कुळांतले. म्हणजे कापून शिवण्याचा धंदा सातशें वर्षांपूर्वींही होताच. तथापि बायकांची चोळी पुष्कळ घरांतून घरींच बेतली जाई. ती खणाची असावयाची, पुढें गांठ मारावयाची. तिला ना गुंडी, ना काज. बोटें, वीत आणि जुनी उसवलेली चोळी हींच काय तीं मापें. इंग्रजी अमदानींत बटणांचें पोलकें आलें, बाह्या लांबल्या, गळ्याचे नाना प्रकार निघाले, आणि शिवण घरांतून दुकानाकडे गेली. ती घरीं परतली ती मुख्यतः यंत्रामुळें. एलायस होवे यानें १८४६ सालीं अमेरिकेंत दोन दोऱ्यांच्या टांक्याचें यंत्र आपल्या नांवें नोंदविलें, आणि आयझॅक सिंगर यानें १८५१ सालीं त्यांत सुधारणा करून तें घरोघरीं जाण्याजोगें केलें. महात्मा गांधी यंत्रांच्या हव्यासाविरुद्ध सतत बोलत. पण १९२४ सालीं त्यांनींही सिंगरच्या या यंत्राला अपवाद म्हणून जागा दिली, कारण त्याच्या मुळाशीं माणसाचे कष्ट वांचविण्याची कळकळ आहे असें त्यांना वाटे. १९०९ सालीं पुण्यांत रमाबाई रानडे यांच्या नेतृत्वाखालीं निघालेल्या सेवासदनानें शिवणाचे वर्ग चालविले, आणि १९३० नंतरच्या दशकांत कलकत्त्याच्या जय इंजिनिअरिंग कारखान्यानें 'उषा' यंत्रें करावयास घेतल्यावर देशी यंत्रही मध्यम घरांना मिळूं लागलें. आज तर हातांतल्या दूरध्वनीच्या पडद्यावरही शिवण शिकवितात. तें पाहून टीप मारतां येते, पण आपल्या अंगाला काय हवें तें पडद्याला ठाऊक नसतें.

शिंप्याच्या दुकानांत माप उभ्यानें घेतात. रस्त्यानें चालणाऱ्या किंवा फोटो काढून घेणाऱ्या माणसाला तें पुरतें. मंडईच्या रात्रीं मात्र बाईमाणूस सहा-सात तास सतरंजीवर मांडी घालून किंवा गुडघे उभे करून बसलेलें असतें. मांडीवर मूल असतें. पुढचें दिसावें म्हणून अंग पुढें झुकलेलें असतें. अशा बसण्यांत पाठीची लांबी मानेपासून कंबरेपर्यंत वाढते, खांद्यांमागील रुंदी वाढते आणि पोटाचा घेर तर इंच-दोन इंच सहज फुगतो. उभ्यानें बेतशीर बसलेलें पोलकें बसल्यावर मागून वर चढतें आणि पुढच्या आंकड्यांवर ओढ आणतें. तेव्हां छाती, कंबर आणि पाठ यांचीं मापें दोनदां घ्यावीं, एकदां उभ्यानें आणि एकदां जमिनीवर बसून. आणि कंबर व पाठ यांच्या बाबतींत बसल्याचें माप खरें मानावें. छातीचें माप ३४ इंच भरलें तर पोलकें तयार होऊन ३५॥ इंच भरावें. दीड इंचाची ही ढिलाई अंगावर दिसत नाहीं, पण पहांटे तीन वाजतां ती कळते.

मुंढ्याच्या बाबतींत एक गैरसमज फार आढळतो. हात मोकळा हलावा म्हणून मुंढा खोल कापतात. परिणाम उलट होतो. मुंढा जितका खालीं, तितकी बाही धडाला खालच्या जागीं जोडलेली. मग हात वर उचलला कीं बाहीबरोबर सारें पोलकेंच वर येतें. मुंढा बगलेच्या जवळ, अर्धापाऊण इंचावर ठेवला तर हात वर जातो आणि अंगावरचें कापड जागच्या जागीं राहतें. जुन्या चोळ्यांतून बगलेंत चौकोनी तुकडा बसवीत, त्याला चौबगला म्हणत. त्याचें मर्म हेंच, कीं हात हलविण्यासाठीं लागणारें कापड बगलेंतच द्यावें, खालून ओढून आणूं नये. घरीं शिवणाऱ्या मुलीला हें पडताळून पाहणें सोपें आहे. जुन्या मांजरपाटाच्या तुकड्यांत दोन मुंढे कापून, एक खोल आणि एक उथळ, दोन्ही खांद्यांना टांचून हात वर करून पाहावा. मग पुस्तकाची गरज उरत नाहीं.

थंडीचा विचार त्याच वेळीं झाला पाहिजे. गोंदिया भागांत ऐन हिंवाळ्यांत पारा १० अंशांच्या खालीं उतरतो, आणि मंडईच्या आरंभींच्या दिवसांतही पहांटे दव पडतें. बाही कोपरापर्यंत तरी असावी, आणि दंडाला चिकटलेली नसावी. कापड आणि कातडी यांच्यामध्यें राहणारी हवाच ऊब धरते, घट्ट बाहींत ती राहत नाहीं. गळा मागून फार उतरता ठेवला तर रात्रभर शालीचा आसरा घ्यावा लागतो, आणि मग पाठीवरची ती नक्षी कोणी पाहिलीच नाहीं असें होतें. हौस सोडावी असें नव्हे. ती बाहीच्या कांठावर खर्चावी.

कांठाची गोष्ट निघाली म्हणजे कापडाकडे वळावें लागतें. नागझिऱ्याच्या रानांत साग, बीजा, धावडा, तेंदू यांच्याबरोबर ऐनाचीं झाडें आहेत. याच ऐनाच्या आणि अर्जुनाच्या पाल्यावर टसर रेशमाचा किडा वाढतो. तुतीच्या रेशीमकिड्याप्रमाणें तो घरांत, टोपल्यांत पोसला जात नाहीं. उघड्या झाडावर, ऊनपावसांत, पांखरें आणि मुंग्या यांच्या तावडींतून वांचेल तितका वांचतो. अभयारण्याबाहेरच्या रानांतून भंडारा, गडचिरोलीकडील ढीवर लोक हे किडे राखीत आले आहेत. किडा आपल्याभोंवतीं जो टणक कोश विणतो त्यालाच कोसा म्हणतात, आणि त्याच नांवानें त्याचें कापडही ओळखलें जातें. कोश क्षाराच्या पाण्यांत उकळून मऊ केल्याखेरीज धागा सुटत नाहीं. भंडारा जिल्ह्यांतील आंधळगांव, मोहाडी येथील आणि चंद्रपूर जिल्ह्यांतील नागभीड येथील विणकरांनीं हें कापड नांवारूपाला आणलें. विदर्भांतील करवतकांठी साडी हा त्याचा सर्वांत देखणा प्रकार. अंग कोशाचें, कांठ बहुधा सुताचे, आणि कांठाची आंतली कड करवतीच्या दातांसारखी. अंगाचा धोटा वेगळा आणि दोन्ही कांठांचे वेगळे, असे तीन धोटे चालवून ते दात उठवितात. म्हणून तें काम सावकाश होतें आणि साडी महाग पडते.

असलें कापड पुढ्यांत आलें म्हणजे त्याचा स्वभाव ओळखून वागावें लागतें. हातमागावरील कोशाची वीण मोकळी असते, कापलेल्या कडेचे धागे लागलीच सुटूं लागतात. त्यांत सुई एकदां गेली कीं तिचा माग राहतो, म्हणून चुकलेली टीप उसवून पुन्हा त्याच जागीं मारणें म्हणजे कापडाला भोंकांची रांग पाडणें होय. त्याच्यावर पाण्याचा थेंब पडला तर डाग उठतो. आणि करवतकांठांत तर एक जास्तीचा पेंच आहे. कांठ सुताचा, अंग रेशमाचें. भिजल्यावर दोन्ही सारखीं आटतीलच असें नाहीं. म्हणून कोपऱ्यांतील चार बोटांचा तुकडा, कांठ आणि अंग दोन्ही येतील असा, कापून घ्यावा, त्याची लांबी लिहून ठेवावी, तो भिजवून सावलींत वाळवावा आणि उलट्या बाजूनें माफक गरम इस्त्री फिरवून पुन्हा मोजावा. कांठ आटून कापडाला चुण्या पडल्या तर तें वस्त्र पुढें पाण्यांत घालावयाचें नाहीं, एवढें त्याच वेळीं ठरून जातें. तुकडा गेला म्हणून हळहळूं नये. त्याचा उपयोग आणखी आहे, तो पुढें येईल.

कोशाच्या पोलक्याला अस्तर हवेंच. पातळ मलमलीचें, आधीं धुवून आटविलेलें. घाम अस्तर पितें आणि रेशीम वांचतें. ओढ अस्तरावर पडते आणि मोकळी वीण फाकत नाहीं. शिवाय दोन पदरांत हवा राहून ऊब येते. पण शिवणाऱ्या मुलीला अस्तराचा सर्वांत मोठा फायदा निराळाच आहे. सारीं मापें, रेघा आणि खुणा अस्तरावर करावयाच्या, कोशावर खडूचा किंवा पेन्सिलीचा स्पर्शही होऊं द्यावयाचा नाहीं.

अस्तराचा आणि दोऱ्याचा रंग निवडतांना आणखी एक गोष्ट लक्षांत घ्यावयाची. कापड आपण दिवसां पाहतों आणि नेसतों रात्रीं. कापडाला स्वतःचा उजेड नसतो. पडलेल्या प्रकाशांतील जेवढा भाग तें परत पाठवितें तेवढा त्याचा रंग. तेलाच्या दिव्यांत, गॅसबत्तींत किंवा जुन्या पिवळ्या विजेच्या दिव्यांत निळा भाग थोडा; म्हणून निळें लुगडें तेथें काळवंडतें आणि कोशाचा मधासारखा रंग मात्र सोन्यासारखा पेटतो. हल्लींच्या पांढऱ्याशुभ्र दिव्यांत नेमकें उलट होतें. तोच मध फिका पडतो आणि निळा, जांभळा रंग उठून दिसतो. जुन्या नाटकमंडळ्यांना ही गोष्ट पक्की ठाऊक होती. बालगंधर्वांनीं १९१३ सालीं गंधर्व नाटक मंडळी काढल्यावर त्यांच्या शालूंची, दागिन्यांची आणि केशरचनेची नक्कल पुण्या-मुंबईच्या घरांतून होऊं लागली. मात्र रंगमंचाच्या झगझगाटांत शोभलेला शालू घरच्या दिव्याखालीं तसाच दिसेल, याची हमी कोण देणार? भिजवून पाहिलेला तो कोशाचा तुकडा येथें पुन्हा उपयोगीं पडतो. तो हातांत घेऊन ज्या प्रकारच्या दिव्याखालीं त्या रात्रीं बसावयाचें त्याच प्रकारच्या दिव्याखालीं उभें राहावें. दोन-तीन रंगांचे दोरे आणि गळ्याच्या पट्टीचीं कापडें त्यावर ठेवून पाहावीं. दिवसां जुळलेला दोरा रात्रीं वेगळा पडलेला दिसला, तर दिवसाचें ऐकूं नये.

आतां बेतणें. बेतणें हा आपल्या भाषेंतला फार नेमका शब्द आहे. त्यांत कापड मोजणें, मनांत आंखणें आणि कापणें हें सारें एकत्र येतें. प्रथम जुन्या मांजरपाटाचें किंवा फाटक्या चादरीचें एक पोलकें कच्च्या दोऱ्यानें उभें करावें. पाठ एक, पुढचे भाग दोन, बाह्या दोन. सपाट कापड गोल अंगावर बसावें म्हणून छातीखालीं आणि कडेला चुण्या घ्याव्या लागतात. शिवणाच्या वर्गांत त्यांना टक्स म्हणतात. त्यांचें टोंक छातीच्या उंचवट्यापर्यंत न नेतां इंचभर अलीकडे थांबवावें, नाहींतर तेथें टोंचल्यासारखा उंचवटा दिसतो. हें कच्चें पोलकें घालून जमिनीवर बसावें, पुढें वांकावें, दोन्ही हात डोक्यावर न्यावे, धाकट्या भावंडाला उचलून पाहावें. जेथें ओढ येते तेथें मांजरपाटावरच कात्री चालवावी, तुकडा लावावा, खूण करावी. एक संध्याकाळ या कामांत जाते. त्या संध्याकाळीं ज्या चुका होतात त्या फुकटांत होतात.

मग तें कच्चें पोलकें उसवून त्याचे तुकडे अस्तराच्या कापडावर मांडावे. उभा धागा पाठीच्या उभ्या रेघेशीं समांतर असावा. तो तिरपा गेला तर धुतल्यावर शिवण अंगाभोंवतीं पिळते. बाजूंच्या शिवणींना दोहोंकडे इंच-इंच माया ठेवावी, खांद्याला आणि मुंढ्याला अर्धा इंच, गळ्याला पाव इंच. शिवणीच्या पलीकडे राखलेल्या या कापडाला शिंपी मंडळी माया म्हणतात, तें कोणाला सुचलें कोण जाणे. दुकानांतल्या घाईंत ती अर्ध्यावर येते, कारण शिंप्याला कापडांत कापड बसवावयाचें असतें. घरीं ती पुरी ठेवतां येते.

कोशावर मांडणी करतांना बाह्या सर्वांच्या आधीं. करवतीचा कांठ बाहीच्या तळाशीं यावा म्हणून बाहीचा तळ कापडाच्या किनारीला लावावा. मग बाहीचा उभा धागा आडवा पडतो, पण सैल, आंखूड बाहीला तें चालतें. बाहीचा तुकडा मध्यावर दुमडला असतां करवतीचा एक दात बरोबर दुमडीवर यावा, आणि दुसऱ्या बाहीलाही तसाच. दात मोजून खूण न करतां कापल्यास एका हाताला दात मध्यावर आणि दुसऱ्याला खांच मध्यावर येते; आणि हात जोडून बसलेल्या बाईच्या समोर बसणाऱ्याला तेवढेंच दिसतें. बाह्या निघाल्या कीं उरलेल्या कापडांत पाठ आणि पुढचे भाग बसवावे. न बसल्यास पाठीच्या मध्यें जोड द्यावा, पण माया तोडूं नये. अस्तर आणि कोसा एकावर एक ठेवून कडेनें कच्चा दोरा घालावा आणि दोन्ही एकजीव झाल्यावर एकदांच कापावें. कात्री नुकती धार लावलेली असावी. बोथट कात्री कोसा चावते, कापीत नाहीं. कापलेली प्रत्येक कड लागलीच दोऱ्यानें वेढून टाकावी.

शिवतांना यंत्राचें काम काय आहे हें एकदां समजून घेतलें म्हणजे त्याच्याशीं भांडण होत नाहीं. यंत्राच्या सुईचें नेढें टोंकाशीं असतें. सुई वरचा दोरा खालीं नेते, मागें फिरतांना त्याचा एक फांस सोडते, आणि खालचें शटल त्या फांसांतून बॉबिनचा दोरा पार करतें. दोन्ही दोरे कापडाच्या जाडीच्या मध्यावर एकमेकांत अडकले पाहिजेत. वरच्या बाजूला खालच्या दोऱ्याचे ठिपके दिसले तर वरची ओढ जास्त. खालीं वरच्या दोऱ्याचे वेढे दिसले तर वरची ओढ कमी. कोशाला नवी, बारीक, ११ नंबरची सुई लावावी आणि इंचाला दहा-बारा टांके पडतील असें बसवावें. दाट टांके मजबूत असतात हा समज सुती पोत्यापुरता खरा. कोशांत दाट टांक्यांनीं तिकिटाच्या कडेसारखी भोंकें पडून शिवण तेथेंच फाटते. पहिल्या टिपा त्या भिजविलेल्या तुकड्यावर माराव्या. त्याचें हें तिसरें काम.

आधीं टक्स, मग खांदे, मग गळा. गळ्याच्या पट्टीचें कापड उरेब कापलेलें असावें. उभा किंवा आडवा धागा ताणत नाहीं, तिरकें कापड ताणतें. म्हणूनच तिरकी पट्टी गोल गळ्याशीं चुणी न पडतां वळते. त्यानंतर बाही मुंढ्यावर उघडी असतांनाच लावावी आणि बगलेपासून कंबरेपर्यंतची शिवण सर्वांत शेवटीं घालावी. ही शेवटची शिवण प्रथम कच्च्या दोऱ्यानेंच, शिवणीच्या रेघेच्या किंचित बाहेर, मायेच्या अंगाला घालावी. पुन्हा जमिनीवर बसून पाहावें. आणि मगच यंत्र चालवावें. आंकडे हातानें लावावे. पुढच्या पट्टीला आंत मलमलीचा एक जादा पदर दिला तर आंकड्याच्या ओढीनें कोसा फाटत नाहीं. मधला आंकडा दोन दोऱ्यांचा असावा, बसल्यावर सारा भार त्याच्यावर येतो. खालची कड यंत्रानें दुमडूं नये. सुईनें एकेक धागा उचलून हातशिलाई करावी, ती बाहेरून दिसत नाहीं आणि अंग फुगलें तर थोडी सैलही पडते.

इस्त्री उलट्या बाजूनें, मधें कोरडें कापड ठेवून. पाणी शिंपडूं नये. हें सारें मंडईच्या आदल्या दिवशीं दिवेलागणीपूर्वीं संपलें पाहिजे. यंत्रावर बसून रात्र जागवली तर दुसरी रात्र जागविण्याचें त्राण उरत नाहीं, आणि नाटकाच्या दुसऱ्या अंकांतच डोळे मिटूं लागतात.

निघतांना पदराच्या आंत किंवा बटव्यांत एक सुई, त्याच रंगाच्या दोऱ्याचें चार हात भेंडोळें आणि दोन आंकडे असावे. पूर्वीं बैलगाडींतून जात तेव्हां धक्के बसत, आतां मोटारसायकलवर मागें बसून जातांना पदर ओढला जातो. दोन्हीं वेळां पहिला जातो तो आंकडाच. पहांटे पडदा पडतो तेव्हां बाहेर दव असतें, आणि दवाचाही कोशावर डाग पडतो, म्हणून शाल खांद्यावर न टाकतां पुरी लपेटून घ्यावी. घरीं आल्यावर पोलकें उलटें करून सावलींत वारा लागेल असें टांगावें, अस्तराची बगल तेवढी ओल्या फडक्यानें पुसून घ्यावी, आणि पूर्ण वाळल्याशिवाय घडी घालूं नये. बाजूंची माया उपयोगाची नाहीं म्हणून कापून टाकूं नये. पुढच्या दिवाळीपर्यंत अंग भरलें तर बाजूची शिवण उसवून ती पाऊण-पाऊण इंच बाहेर घेतां येते. फक्त जुन्या टिपेचीं भोंकें तेवढीं उघडीं पडतात, आणि त्यांच्यावर हातानें बारीक सांखळी टांका घातला म्हणजे तीं कांठाच्या रंगाच्या दोऱ्याखालीं झांकून जातात.